न पांगलेला वर्ग

परीक्षेसाठी केलेले काम परीक्षेबरोबरच संपावे, असा जगाचा रिवाज आहे. उत्तरपत्रिका तपासून झाली की रद्दीत जाते, प्रबंध ग्रंथालयाच्या फळीवर धूळ खात पडतो, आणि नाट्यशिक्षणाच्या अखेरीस विद्यार्थी जे नाटक करून दाखवितात ते परीक्षकांनी गुण दिल्यावर पडद्याबरोबर गुंडाळले जाते. प्रमाणपत्रे हाती पडतात आणि जो तो आपापल्या वाटेने जातो. यात कोणाला काही वावगेही वाटत नाही. तथापि, रशियन रंगभूमीचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे या रिवाजाला न जुमानणारी एक परंपरा दृष्टीस पडते. तेथे विद्यार्थ्यांचे नाटक एकदा नव्हे, अनेकदा नव्या नाट्यसंस्थेची कोनशिला ठरले आहे. त्या नाटकाने बांधला गेलेला वर्ग पांगलाच नाही. हे कसे घडले, त्यातून काय निपजले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम तेथील नाट्यशिक्षणाची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. मॉस्कोच्या नाट्यशाळांत नटाचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. प्रत्येक वर्ग एका ज्येष्ठ नटाच्या अथवा दिग्दर्शकाच्या हाती सोपविलेला असतो, आणि प्रवेशापासून पदवीपर्यंत तोच त्या वर्गाचा गुरू. आरंभी लहान लहान प्रसंग स्वतः रचून उभे करावयाचे, मग नाटकांतील निवडक प्रवेश, आणि शेवटी संपूर्ण नाटके. ही पदवीची नाटके शाळेच्या रंगमंचावर प्रेक्षकांसमोर होतात, आणि त्यांवरून विद्यार्थ्याची पारख केली जाते. चार वर्षे रोज सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र राबणाऱ्या या मुलांना एकमेकांचा श्वासदेखील ओळखीचा होतो. कोण कोठे अडखळेल आणि त्याला कोण सावरून घेईल, हे सांगावे लागत नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत एकाच बिऱ्हाडी राहून नटांमध्ये जो मेळ जमत असे, तोच येथे शाळेच्या चार भिंतींत जमतो.

आणि नेमका तो जमून येतो तेव्हाच तो मोडण्याची वेळ येते. सोव्हिएट अमदानीत पदवीनंतर सरकार नेमील त्या ठिकाणी तीन वर्षे नोकरी करणे बंधनकारक होते. कोणी सायबेरियातील एखाद्या शहरी जाई, कोणी व्होल्गाकाठी, तर कोणी नशीबवान मॉस्कोतच राही. सरकारच्या दृष्टीने यात अन्याय नव्हता. दूरच्या गावांनाही नट हवेच होते, आणि सरकारी खर्चाने शिकलेल्याने त्याची फेड करावी हे म्हणणे रास्तच होते. प्रशिक्षण संपताच नेमणुकीचा पहिला हुकूम हाती घेऊन ज्यांनी आपली तुकडी चार दिशांना पांगताना पाहिली आहे, त्यांना या रीतीतली शिस्त आणि तिच्यातली हुरहूर या दोन्ही गोष्टी वेगळ्या समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की महसुलाचे किंवा हिशेबाचे काम एकट्यानेही करता येते. नाटक एकट्याने होत नाही.

या परंपरेचे मूळ शाळेत नाही, एका फसलेल्या हौशी प्रयोगात आहे. १९१३ साली मॉस्कोतील काही विद्यार्थ्यांनी आपले नाट्यपथक उभारले आणि मॉस्को आर्ट थिएटरमधील येवगेनी वाख्तांगोव्ह या तरुण नटाला मार्गदर्शनासाठी बोलाविले. (योगायोग असा की आपल्याकडे बालगंधर्व, गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली तीही याच वर्षी.) वाख्तांगोव्ह तेव्हा तीस वर्षांचा होता. १९१४ च्या मार्चमध्ये या मुलांनी बोरिस झाइत्सेव्ह याचे ‘लानिन यांची जहागीर’ हे नाटक केले, आणि ते साफ पडले. आर्ट थिएटरच्या चालकांनी वाख्तांगोव्हला बाहेरची कामे करण्यास मनाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोत ताइरोव्हचे कामेर्नी थिएटर कालिदासाच्या शाकुंतलाने उघडले आणि नावारूपाला आले. पण या विद्यार्थ्यांच्या वाट्याला फक्त नामुष्की आली होती. येथे ते सहज पांगले असते. परंतु आपल्याला काहीच येत नाही, तेव्हा आता शिकावयाचे, असे त्यांनी ठरविले. मान्सुरोव्ह गल्लीत एक बिऱ्हाड भाड्याने घेऊन, मनाई असतानाही वाख्तांगोव्हला गुपचूप बोलावून, त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास चालविला. नाटक पडल्यामुळे शाळा सुरू झाली, असा हा उलटा क्रम आहे.

पुढे मतभेद झाले, काही प्रमुख सभासद सोडून गेले; तरी उरलेल्यांनी संस्था टिकविली. १९२० साली आर्ट थिएटरने तिला आपला ‘तिसरा स्टुडिओ’ म्हणून पदरात घेतले. १९२२ च्या फेब्रुवारीत तिने कार्लो गोझ्झीचे ‘राजकुमारी तुरान्दोत’ रंगभूमीवर आणले. मॉस्कोत तेव्हा उपासमार आणि कडाक्याची थंडी. अशा दिवसांत हे तरुण नट उत्तम पोशाखात प्रेक्षकांसमोर येत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रंगीत कापडाचे तुकडे अंगाभोवती गुंडाळून चीनचे राजेरजवाडे बनत. गळपट्ट्याची दाढी होई, आणि वाद्यवृंदात कागद लावून वाजविलेल्या फण्याही असत. नाटक हे नाटकच आहे, हे न लपविता ते खरे करून दाखविणे, ही त्यातली किमया होती. वाख्तांगोव्ह स्वतः तो रंगलेला प्रयोग पाहू शकला नाही. तो घरी अंथरुणाला खिळला होता. स्टॅनिस्लाव्हस्कीने मध्यंतरात त्याच्याकडे अभिनंदन पोहोचविले. मे महिन्याच्या अखेरीस, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. १९२६ पासून त्याच्या नटमंडळीला त्याचे नाव मिळाले, आणि तिच्या शाळेला १९३९ पासून बोरिस श्चुकिन या तिच्याच थोर नटाचे.

‘तुरान्दोत’मधील दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. तिमूरच्या भूमिकेत होता बोरिस झाखावा, पहिल्या विद्यार्थी पथकातला एक. आणि आदेल्माची भूमिका करीत होती आन्ना ओरोच्को. चाळीस वर्षांनंतर यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

मधल्या काळात रशियन रंगभूमीवर दुष्काळ पडला. स्टॅनिस्लाव्हस्कीची पद्धती हा एका कलावंताचा जिवंत शोध होता. तिचा सरकारी धर्म झाला. त्याहून निराळे काही करील त्याच्यावर ‘रूपवादी’ असा शिक्का बसे, आणि तो शिक्का केवळ समीक्षेपुरता राहत नसे. मेयरहोल्डसारखा अलौकिक दिग्दर्शक १९३९ साली पकडला गेला आणि १९४० साली गोळीला बळी पडला. बाकीच्यांनी यातून घ्यावयाचा तो धडा घेतला.

स्टालिनच्या मृत्यूनंतर वातावरण थोडे निवळले, तेव्हा पहिली हालचाल झाली ती पुन्हा विद्यार्थ्यांतच. आर्ट थिएटरच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि काही अजून शिकत असलेल्या तरुणांनी ओलेग येफ्रेमोव्ह याच्या नेतृत्वाखाली व्हिक्टर रोझोव्हचे ‘सदैव जिवंत’ हे नाटक बसविले. दिवसा प्रत्येकाला आपापली नोकरी वा अभ्यास, म्हणून तालमी रात्री. १९५६ च्या एप्रिलमध्ये शाळेच्याच जागेत रात्री त्याचा पहिला प्रयोग झाला. याच नाटकावरून निघालेल्या ‘उडणारे क्रौंच’ या चित्रपटाने १९५८ साली कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळविले. रात्रीच्या त्या तालमींतून ‘सोव्रेमेन्निक’, म्हणजे ‘समकालीन’, हे नाट्यगृह जन्मास आले.

परंतु या परंपरेतील सर्वांत विलक्षण घटना घडली ती १९६३ साली, श्चुकिन शाळेत. युरी ल्युबिमोव्ह हा वाख्तांगोव्ह थिएटरचा पंचेचाळिशीतला नट. त्याला १९५२ साली स्टालिन पारितोषिक मिळाले होते. मान होता, स्थैर्य होते. पण रंगभूमीवर जे चालले आहे ते खोटे आहे, ही टोचणी त्याला लागून राहिली होती. तो शाळेत शिकवीत असे. आन्ना ओरोच्को हिच्या वर्गातील तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी त्याने नाटक निवडले ते बेर्टोल्ट ब्रेख्तचे ‘सेझुआनचा भला माणूस’.

निवड धाडसाची होती. ब्रेख्त साम्यवादी खरा. १९५४ चे स्टालिन शांतता पारितोषिक त्याला जाहीर झाले होते आणि १९५७ साली त्याची बर्लिनची मंडळी मॉस्कोत येऊन गेली होती. तरी त्याची नाट्यपद्धती सोव्हिएट रंगभूमीच्या गळी उतरत नव्हती. प्रेक्षकाने पात्राच्या दुःखात विरघळून न जाता त्याकडे थोडे अलगपणे, विचार करीत पाहावे, ही ब्रेख्तची मागणी. आणि शाळेत शिकवीत ते नेमके उलटे.

कथा आपल्याकडील वाचकांना अपरिचित नसावी; व्यंकटेश माडगूळकरांनी याच नाटकावरून ‘देवाजीने करुणा केली’ हे मराठी नाटक लिहिले आहे. तीन देव भल्या माणसाच्या शोधात पृथ्वीवर येतात. त्यांना रात्रीचा आसरा देते ती शेन ते नावाची एक वेश्या. देव तिला पैसे देऊन जातात; ती तंबाखूचे दुकान टाकते; आणि तिच्या भलेपणावर जगू पाहणारे सारे गाव तिच्या दारात येऊन बसते. जगण्यासाठी तिला एका कठोर चुलतभावाचे सोंग घ्यावे लागते. भली शेन ते आणि निर्दय शुई ता ही एकच व्यक्ती. शेवटी न्यायासनावर बसलेल्या देवांना ती विचारते की भले राहून जगावे कसे. आणि देव उत्तर न देता निघून जातात.

शाळेचा रंगमंच लहान, पैसा नाही. म्हणून मंच जवळजवळ उघडाच ठेवला. बाजूला ब्रेख्तचे चित्र लावले. बोरिस ख्मेल्नित्स्की आणि आनातोली वासिल्येव्ह हे विद्यार्थी वाद्ये घेऊन मंचावरच उभे राहत आणि गाणी थेट प्रेक्षकांना उद्देशून म्हटली जात. शेन ते आणि शुई ता या दोन्ही भूमिका झिनाइदा स्लाविना या विद्यार्थिनीने केल्या. तिचा घोगरा, चिरफाळलेला स्वर सुरेल नटीचा नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईचा होता. गरिबीने आलेला उघडेपणा हीच या प्रयोगाची शैली ठरली, जशी ती ‘तुरान्दोत’च्या वेळी ठरली होती.

शाळेत खळबळ उडाली. काही अध्यापकांना हा आपल्या पद्धतीचा उघड द्रोह वाटला, आणि प्रयोग बंद करण्याची भाषा सुरू झाली. शाळेचे प्रमुखपद तेव्हा झाखावाकडे होते. म्हणजे मनाई मोडून वाख्तांगोव्हला गुपचूप बोलाविणाऱ्या मुलांपैकी एक जण आता मनाई करणाऱ्यांच्या खुर्चीत बसला होता, आणि ज्या वर्गावरून वाद पेटला त्याची गुरू ‘तुरान्दोत’मधली त्याची सहकारी होती. याचा दोष एका झाखावाला देणे योग्य होणार नाही. वारसा सांभाळणे आणि तो पुढे नेणे ही दोन कामे आहेत. पहिले काम अंगावर असलेल्याला दुसरे करणारा नेहमीच उपद्रवी वाटतो, हे कोणत्याही कचेरीत दिसून येते.

तरीही प्रयोग चालू राहिला, याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे तो परीक्षेचा प्रयोग होता. नाट्यगृहातील प्रत्येक नवे नाटक सांस्कृतिक खात्याच्या अधिकाऱ्यांनी आधी पाहून संमत करावे लागे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे नाटक हा प्रथमतः शाळेचा विषय होता. अनुभवी नटांना जे करण्याची मुभा नव्हती ते ‘मुले शिकताहेत’ या सबबीखाली करता आले. दुसरे कारण मॉस्कोचा प्रेक्षक. शास्त्रज्ञ, कवी, लेखक यांनी त्या लहानशा सभागृहात गर्दी केली, आणि कॉन्स्तान्तिन सिमोनोव्हसारख्या प्रतिष्ठित लेखकाने १९६३ च्या अखेरीस ‘प्रावदा’त या प्रयोगाची वाखाणणी केली. ‘प्रावदा’त आलेल्या स्तुतीनंतर हात उगारणे कोणालाच सोपे नव्हते.

आता प्रश्न उभा राहिला तो वर्गाचा. मुले पदवी घेऊन पांगली तर नाटक संपले; कारण या नाटकात कोणी एक थोर नट नव्हता, सर्वांचा मिळून एक आवाज होता. तोडगा निघाला तो शासकीय मार्गानेच. तागान्का चौकात १९४६ साली स्थापन झालेले एक ‘नाट्य व विनोद रंगमंदिर’ होते. प्रेक्षक तिकडे फिरकत नसत. त्याचे जुने प्रमुख जाऊन १९६४ च्या आरंभी ते ल्युबिमोव्हच्या स्वाधीन झाले. श्चुकिन शाळेतील आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो तेथे गेला, आणि २३ एप्रिल १९६४ रोजी ‘सेझुआनच्या भल्या माणसा’ने तागान्का थिएटरचा पडदा उघडला. दालनात ब्रेख्त, वाख्तांगोव्ह व मेयरहोल्ड यांची चित्रे लागली. स्टॅनिस्लाव्हस्कीचे चित्र वरिष्ठांच्या आग्रहावरून लागले, असे सांगतात. गोळी घातलेल्या मेयरहोल्डचे चित्र भर दालनात लावणे याचा अर्थ मॉस्कोत कोणाला फोड करून सांगावा लागला नाही.

या आनंदात एक गोष्ट विसरता कामा नये. त्या जुन्या रंगमंदिरातही नट होते. त्यांपैकी काहींना ल्युबिमोव्हने ठेवून घेतले, काहींना जावे लागले. एक वर्ग पांगू नये म्हणून दुसरी मंडळी पांगविली गेली. इतिहासात विजयी नाटकाचे नाव राहते. ज्यांची जागा त्याने घेतली त्यांच्या बिऱ्हाडांची नोंद कोणी करीत नाही.

पुढील वीस वर्षे तागान्का हे मॉस्कोतील मोकळ्या श्वासाचे ठिकाण होते. तिकिटांसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहत. १९६४ सालीच व्लादिमीर व्हिसोत्स्की येऊन मिळाला. तो दुसऱ्या शाळेचा, पण या वर्गात असा मिसळला की ब्रेख्तच्या त्या नाटकातला वैमानिक त्याच्या आवडत्या भूमिकांपैकी एक झाला. १९७१ पासून मृत्यूपर्यंत त्याने हॅम्लेट केला. मात्र शाळेचे छत्र आता डोक्यावर नव्हते. प्रत्येक नाटक अधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून जाई. मोझायेव्हच्या कथेवरचे ‘जिवंत’ हे नाटक १९६८ साली तयार होऊनही अडविले गेले. ते प्रेक्षकांसमोर आले १९८९ साली. व्हिसोत्स्की १९८० च्या जुलैत बेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या स्मरणार्थ बसविलेल्या प्रयोगालाही बंदी झाली. १९८४ साली ल्युबिमोव्ह परदेशी असताना त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि त्याचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

काळ पालटला, १९८९ साली नागरिकत्व परत मिळाले आणि तो पुन्हा तागान्कावर आला. येथे एखादी गोड कथा संपली असती. पण सरकारी दडपण उठताच आतील तडे दिसू लागले. १९९३ साली निकोलाय गुबेन्को याच्याबरोबर अर्धी मंडळी वेगळी झाली आणि नव्या इमारतीत तिने आपले निराळे नाट्यगृह मांडले. जिच्या स्वराने तागान्काचा पडदा उघडला होता ती स्लाविना या दुसऱ्या बाजूला गेली. मंडळ्या फुटण्याच्या गोष्टी ऐकतच वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. २०११ च्या उन्हाळ्यात प्राग येथील दौऱ्यात तालीम चालू असता नटांनी आधी मानधनाची मागणी केली. ल्युबिमोव्ह संतापला आणि त्याने आपले थिएटर कायमचे सोडले. तालीम चालली होती ती ‘सेझुआनच्या भल्या माणसा’चीच. तेव्हा तो त्र्याण्णव वर्षांचा होता. २०१४ साली त्याचा अंत झाला.

मग या परंपरेचे फलित काय समजावयाचे? एका नाटकाने बांधलेली माणसे अखेर त्याच नाटकाच्या तालमीत तुटली, म्हणून तो उद्योग व्यर्थ ठरत नाही. रशियात तरी तो कोणी व्यर्थ मानला नाही. प्योत्र फोमेन्कोच्या वर्गाने विद्यार्थिदशेत बसविलेले ओस्त्रोव्हस्कीचे ‘लांडगे आणि मेंढ्या’ घेऊन १९९३ साली, म्हणजे तागान्का फुटले त्याच वर्षी, आणखी एक वर्ग नाट्यगृह बनून उभा राहिला. आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. दिल्लीत १९५९ साली निघालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात, तीन वर्षे एकत्र घडतात आणि पदवीचे नाटक करून आपापल्या प्रांतांकडे वळतात. १९६४ साली, तागान्काच्याच वर्षी, पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी संचालक असताना विद्यालयाने आपले रंगमंडळ काढले, त्यामागेही शिकलेल्या नटांना एकत्र राहून काम करता यावे हीच निकड होती. सर्वांना त्यात जागा मिळणे शक्य नव्हते, आणि जे आपल्या गावी परतले त्यांनी तेथे जे पेरले त्याचे मोल कमी नाही.

शाळेने पांगविलेच पाहिजे आणि कलेने एकत्र राहिलेच पाहिजे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे सूत्र मॉस्कोला सापडले नाही. पण मेळ न जमताही काही वर्षे जे उजळून निघाले ते त्या तुकड्यांनी हट्ट धरला म्हणूनच. ब्रेख्तच्या नाटकातील देव शेन तेच्या प्रश्नाला उत्तर न देता निघून जातात, आणि उत्तर शोधण्याचे काम प्रेक्षकांवर येऊन पडते. १९६३ साली त्या लहानशा सभागृहात ज्या मुलांनी तो प्रश्न उच्चारला, त्यांनी भले कसे राहावे याचे नसले तरी एकत्र कसे राहावे याचे उत्तर आपल्या आयुष्याने शोधून पाहिले. परीक्षेत घातलेल्या प्रश्नाचा एवढा दीर्घ विचार फार थोड्या विद्यार्थ्यांनी केला असेल.